उघडी भिंत

जुन्या गोव्यात तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती मला आमच्याकडचीच वाटली. परभणी जिल्ह्यात वाढलेल्या माणसाची नजर उघड्या दगडाला सरावलेली असते. जिंतूर तालुक्यात चारठाण्याला गेलं की वस्तीत, परसात, शेताच्या कडेला जुनी देवळं भेटतात. सगळी काळ्या पाषाणाची, चुन्याचं बोटही न लागलेली. सेलू तालुक्यातल्या वालूरला गावकऱ्यांनी गाळ उपसून मोकळी केलेली बारव आहे. तिच्या पायऱ्या शंखासारख्या फिरत फिरत पाण्याकडे उतरतात, आणि तिथंही नुसता दगडच. दगड झाकायचा नसतो, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. म्हणून बॉम जेझूच्या बॅसिलिकेसमोर उभा राहिलो, ती तांबडी, खडबडीत, काहीही न ल्यालेली भिंत पाहिली आणि मनात आलं, हे खरं बांधकाम. रस्त्यापलीकडे से कॅथेड्रल पांढरंशुभ्र उभं होतं. ते मला सणापुरतं रंगवल्यासारखं वाटलं.

मी जवळ जाऊन हात लावला. बोटांना तांबडी पूड लागली.

"भाऊ, हात लावू नको तिला," बाहेर मेणबत्त्या विकायला बसलेली म्हातारी म्हणाली. "झडते ती."

मी हात मागे घेतला. ती मेणबत्त्यांच्या जुड्या सारख्या करत होती. थोड्या वेळानं वर न बघताच म्हणाली, "अशी नव्हती रे ती. माझी आई सांगायची, पांढरी होती. मग हिचं कातडं काढलं."

कातडं हा तिचा शब्द. त्यानंतर मी जे जे वाचलं, विचारलं, पाहिलं, त्यात इतका नेमका शब्द मला दुसरा सापडला नाही.

भिंत तशी वयानं मोठी. 1594 च्या नोव्हेंबरात जेझुइटांनी तिचा पाया घातला आणि 1605 मध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली. तिचं अंग जांभ्याचं. जांभा हा विलक्षण स्वभावाचा दगड आहे. खाणीतून निघतो तेव्हा ओला, मऊ, कुऱ्हाडीनंही तासला जाईल असा. वारा लागला, ऊन लागलं की घट्ट होतो. फ्रान्सिस बुकानन नावाच्या स्कॉटिश अंमलदारानं मलबारात लोकांना तो विटेसारखा कापताना पाहिलं आणि 1807 मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याचं नाव 'लॅटेराइट' ठेवलं. आमच्या काळ्या पाषाणाशी त्याचं नातं आहे. रत्नागिरीकडे काळ्या खडकावरच लाखो वर्षं पाऊस पडत राहिला, विरघळण्यासारखं सगळं वाहून गेलं, आणि जे लोखंड आणि ॲल्युमिनियम मागं उरलं तो जांभा. गोव्यात खालचा खडक त्याहून जुना, पण रीत तीच. म्हणजे पावसानं पोखरून पोखरून जो उरला, तो हा दगड. अंगभर भोकं. पाणी दिसलं की पिणार. तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या प्रदेशात असा दगड भिंतीला वापरायचा तर त्याला वरून काहीतरी हवंच, हे तिथल्या गवंड्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. साध्या घराला तो पाखं खाली ओढून घ्यायचा, पावसाआधी झावळ्यांच्या झड्या बांधायचा. चर्चची भिंत उंच, तिला पाखं पुरणार नाही. तिला तो शिंपले भाजून केलेल्या चुन्याचा गिलावा द्यायचा. पाऊस गिलाव्यावर पडायचा, दगड आत कोरडा. दोन-चार वर्षांनी गिलावा काळवंडला, पोपडे आले की पुन्हा हात फिरवायचा. झिजायचं काम गिलाव्याचं, उभं राहायचं काम दगडाचं.

पुढं हे सगळं कळलं तेव्हा मला आमची आजी आठवली. गावातलं आमचं घर मातीचं, वर माळवद. घटस्थापनेच्या आधी घराघरातून दसरा काढायची धांदल चालायची. भांडी, पांघरुणं, उतरंडीची मडकी सगळं बाहेर, आणि आजी पांढऱ्या मातीचा कालवलेला बादलीभर रबडा घेऊन भिंती पोतारायला बसायची. हातात जुन्या लुगड्याचं पोतेरं. एका दमात खांद्यापासून कमानीसारखा हात फिरायचा, आणि त्या कमानी वाळल्यावर भिंतीवर दिसायच्या. वर्षभरात कुठं पोपडा उचललेला दिसला की ती थांबायची नाही. "पोपडा सुटला की लगीच हात फिरवावा," म्हणायची, "न्हाई तर पाणी आत शिरतंय, मग भित ऐकत न्हाई." त्या भिंतीला मी कधीच दागिना म्हणून पाहिलं नाही. पोतारणं हे घराला खाऊ घालण्यासारखं होतं. जे घर पोतारलं जात नाही ते दोन-तीन पावसाळ्यांत बसतं, हे आम्ही गल्लीत डोळ्यांनी पाहिलं आहे. माणसं पुण्या-मुंबईला गेलेली घरं तशीच बसली.

आणि तरीही बॅसिलिकेसमोर मला चारठाणा आठवलं, आजीची भिंत आठवली नाही. दगड आणि माती यांचे नियम वेगळे, असं मी मनाशी धरून चाललो होतो. जांभा हा दगड आणि माती यांच्या मधला कुणीतरी आहे, हे त्या म्हातारीनं सांगितल्यावर कळलं.

दर्शनी बाजूकडे नीट पाहिलं की भिंत सगळं स्वतःच सांगते. तिच्यावर दोन दगड शेजारी शेजारी आहेत. खांब, कंगोरे, नक्षी, शिखराजवळची येशूच्या नावाची अक्षरं काळ्या पाषाणात, आणि मधली मोकळी पटलं जांभ्यात. हा काळा पाषाण वसईकडून गलबतांनी आणलेला. म्हणजे दख्खनचा, आमच्याच गोतातला. चारशे वर्षांनंतरही त्याच्या कडा तुटलेल्या नाहीत, पानांच्या शिरा मोजता येतात. त्याच्या बाजूचा जांभा मात्र मागे हटत चालला आहे. काही ठिकाणी दरजांतला जुना चुना बाहेर उभा आहे आणि चिरा आत गेला आहे, मधाच्या पोळ्यासारखा. सांध्यात शेवाळ, एका खोबणीत कसलंसं रोप. खालच्या अंगाला, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीपर्यंत, चिऱ्याची पूड जमिनीवर साचलेली. चिरे ओबडधोबड तासलेले आहेत, कारण पाथरवटाला माहीत होतं की वरून गिलावा येणार, आणि खडबडीत अंगालाच गिलावा धरतो. ही भिंत उघडी राहण्यासाठी घडवलेलीच नव्हती. काळा पाषाण दाखवायचा आणि जांभा झाकायचा, असा बांधणाऱ्याचा हिशेब होता. पांढऱ्या अंगावर काळी नक्षी. तिचा मूळ चेहरा तसा होता.

तो पुसला गेला विसाव्या शतकाच्या मध्यावर, एका वास्तुकाराच्या हातून. बाल्ताझार कास्त्रो हे त्यांचं नाव. पोर्तुगालमध्ये सालाझारची हुकूमशाही होती. हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक 1928 मध्ये अर्थमंत्री झाला, 1932 मध्ये पंतप्रधान, आणि 1968 पर्यंत त्या खुर्चीवरून हलला नाही. त्याच्या राजवटीला इतिहास फार प्रिय. वर्तमानात दाखवण्यासारखं थोडं असलं की सत्तेला भूतकाळ लागतो. 1929 मध्ये सरकारी इमारती आणि स्मारकांचं मोठं खातं निघालं, आणि कास्त्रोंची सगळी हयात त्या खात्यात गेली. उत्तर पोर्तुगालमधली मध्ययुगीन चर्चं त्यांनी सोलून काढली. नंतरच्या शतकांत चढलेले थर, गिलावे, सोनेरी वेद्या, जोडखोल्या काढून टाकायच्या आणि राष्ट्र जन्मलं त्या काळाचा नागडा दगड लोकांना दाखवायचा. 1940 मध्ये राष्ट्रस्थापनेची 800 वर्षं आणि स्पेनपासून मुक्तीची 300 वर्षं एकदम साजरी झाली, लिस्बनमध्ये प्रचंड प्रदर्शन भरलं. त्या उत्सवाला असा सोललेला दगड शोभून दिसला. तिथला दगड ग्रॅनाइटचा, आमच्या काळ्या पाषाणासारखा सोसणारा, म्हणून त्याचं अंग तरी फारसं बिघडलं नाही.

कास्त्रो वाईट कारागीर होते असं मला वाटत नाही. आयुष्यभर एकच दगड हाताळलेला माणूस होता, आणि त्याच्या दृष्टीला राजवटीनं आपलं बळ दिलं होतं. ही जोडी फार घातक. नुसता हट्टी वास्तुकार असता तर गावानं, धर्मगुरूनं, एखाद्या म्हाताऱ्या गवंड्यानं त्याला अडवलं असतं. हुकूमशाहीत अडवणारा माणूसच उरत नाही.

भारत स्वतंत्र झाला, गोवा मागू लागला, तशी लिस्बनला घाई झाली. 1951 मध्ये घटनादुरुस्ती करून सालाझारनं 'वसाहत' हा शब्दच काढून टाकला आणि गोव्याला सागरापारचा प्रांत म्हटलं. आम्ही इथं राज्य करत नाही, आम्ही इथलेच आहोत, हे जगाला दाखवायचं होतं. साक्षीला जुन्या गोव्याच्या इमारती. 3 डिसेंबर 1952 ला, या बॅसिलिकेत ज्याचं पार्थिव आहे त्या सेंट फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला 400 वर्षं होणार होती, पार्थिवाचं दर्शन ठेवलं जाणार होतं, जगभरातून लोक येणार होते. त्या तयारीत कास्त्रो गोव्यात आले. ओस पडलेल्या त्या शहरात साफसफाई झाली, काही बांधकामं पाडली गेली. कोसळलेली व्हाइसरॉयची कमान 1954 मध्ये पुन्हा उभी राहिली. आणि त्याच दशकात बॉम जेझूच्या बाहेरच्या अंगाचा गिलावा खरवडून काढण्यात आला. इमारत एकदम प्राचीन दिसू लागली, आणि राजवटीला प्राचीन दिसणंच हवं होतं. पुढं 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला. राजवट गेली, सालाझार गेला, ते खातंही इतिहासजमा झालं. गिलावा परत आला नाही.

मराठवाड्याच्या माणसाला हे ऐकून आपला अनुभव आठवतो. आम्हीही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत एका माणसाच्या शब्दावर चालणाऱ्या राज्यात होतो, आणि आमच्याकडेही दुरून आलेल्या हातांनी भिंतीच्या कातड्याला हात घातला होता. 1920 ते 1922 या काळात निजाम सरकारनं अजिंठ्याची चित्रं वाचवायला लोरेन्झो चेक्कोनी हे इटालियन तज्ज्ञ आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावलं. सुटत चाललेला गिलावा त्यांनी मोठ्या कसबानं भिंतीला धरून ठेवला. आज जे दिसतं त्यातलं बरंच त्यांच्यामुळं राहिलं, हे मानलंच पाहिजे. पण चित्रं उजळ दिसावीत, टिकावीत म्हणून त्यांनी वरून लाखेचं रोगण चढवलं. इटलीत ती तेव्हाची मान्य रीत होती. दख्खनच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात ते रोगण पिवळं पडलं, धूळ धरू लागलं, आणि पुरातत्त्व खात्याची माणसं पुढं कित्येक वर्षं ते कापसाच्या बोळ्यानं टिचभर टिचभर काढत बसली. तिथं परक्या रीतीनं एक थर चढवला, गोव्यात परक्या रीतीनं एक थर उतरवला. अजिंठ्याचा थर निदान काढता येतो.

हुकूमशाहीतल्याच दुसऱ्या एका वास्तुकाराचं नाव मात्र माझ्या मनात या भिंतीशेजारी नेहमी येतं, तेही इटलीचंच. जुझेप्पे पागानो. मुसोलिनीच्या काळातला वास्तुकार, 'कासाबेला' या मासिकाचा संपादक. सुरुवातीला तोही फॅसिस्ट पक्षात होता, मनापासून होता. रोमच्या विद्यापीठातली भौतिकशास्त्र संस्थेची इमारत त्याची. पण सत्तेला खांबांची, कमानींची, संगमरवराची भव्यता हवी होती आणि पागानोची नजर दुसरीकडे वळली. तो कॅमेरा घेऊन खेड्यापाड्यांतून हिंडला. गोठे, गवताच्या झोपड्या, धान्याची कोठारं, चुन्यानं पोतारलेल्या शेतकऱ्यांच्या भिंती. 1936 मध्ये मिलानच्या त्रैवार्षिक प्रदर्शनात त्यानं ही छायाचित्रं मांडली, आणि रोमन साम्राज्याचं भूत अंगात आलेल्या देशाला एक साधी गोष्ट दाखवली, की घर कसं बांधावं हे पाऊस, दगड आणि काम ठरवतं. मासिकातून तो सरकारी भव्यतेवर लिहीत राहिला. 1942 मध्ये त्यानं पक्ष सोडला, प्रतिकार चळवळीत गेला, पकडला गेला, निसटला, पुन्हा पकडला गेला. छळ सोसला. 22 एप्रिल 1945 ला माउटहाउझेनच्या छळछावणीत त्याचा अंत झाला. मुसोलिनी मारला गेला तो त्यानंतर सहा दिवसांनी.

पागानोची ती छायाचित्रं पाहिली तेव्हा एका भिंतीवर कमानीसारखे फटकारे उमटलेले मला दिसले असं वाटलं. खरोखर होते की माझ्याच डोळ्यांत आजीचा हात होता, कोण जाणे. पण हा माणूस जुन्या गोव्यात आला असता तर आधी एखाद्या गवंड्याला गाठून विचारलं असतं, हा दगड कसा वागतो, याची मला खात्री वाटते.

त्यानंतर मी तिला तीनदा भेटलो. दर वेळी ती थोडी आत गेलेली. भर आषाढात गेलो होतो तेव्हा तिचा रंग तांबडा नव्हताच. पाणी पिऊन ती जवळजवळ काळी झाली होती, आणि तिच्याकडून ओल्या मातीचा वास येत होता, माळवद गळायला लागल्यावर येतो तसा. उत्तरेच्या बाजूचे जाड टेकू तिला धरून उभे होते. आत गेलो तर झेवियरची कबर कोरडी, लखलखीत. फ्लॉरेन्सच्या जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनी यानं घडवलेली, टस्कनीच्या ग्रँड ड्यूक तिसऱ्या कोसिमोनं पाठवलेली, 1698 मध्ये इथं आणून जोडलेली. रंगीत दगड, ब्रॉन्झची चित्रं. लोक तिच्यापुढं थांबत होते. ज्या भिंतीनं पाऊस बाहेर धरला म्हणून ही कबर कोरडी, तिच्यापुढं कुणी थांबत नव्हतं.

2020 मध्ये बॅसिलिकेच्या रेक्टर फादरांनी जाहीरपणे सांगितलं की उघड्या अंगानं ही इमारत आणखी पावसाळे काढणार नाही, तिला तिचा गिलावा परत द्या. तेव्हापासून वाद आहे. विरोध करणाऱ्यांचंही मला समजतं. सत्तर वर्षांत या तांबड्या रूपाशी लोकांचं नातं जडलं. पोस्टकार्डांवर, लग्नपत्रिकांवर, परदेशी गेलेल्या मुलांच्या भिंतींवर ती तांबडीच आहे. 1986 मध्ये जागतिक वारसा म्हणून नाव लागलं तेव्हाही ती तांबडीच होती. आता पांढरी केली तर आपली बॅसिलिका हरवेल, असं वाटणारा गोंयकार खोटं बोलत नाही. पण जे रूप आपल्याला आपलं वाटतं ते एका परक्या हुकूमशाहीनं आपल्या दिखाव्यासाठी ठरवलेलं आहे, आणि ते टिकवण्याची किंमत भिंत रोज पुडीपुडीनं मोजते आहे. मला विचाराल तर मी रेक्टर फादरांच्या बाजूचा. सिमेंट नको, सिमेंट जांभ्याला श्वास घेऊ देत नाही, आतलं पाणी आतच कोंडतं. नीट मुरवलेला चुना हवा, आणि दर काही वर्षांनी पुन्हा हात फिरवायची तयारी. म्हणजे दर दसऱ्याला आजी करायची तेच. आणि परभणीच्या काळ्या पाषाणाला हात लावायची कुणी घाई करू नये. चारठाण्याच्या खांबावर ऑइलपेंट चढवणारा भक्त आणि बॉम जेझू खरवडणारा वास्तुकार, दोघांचीही दगडाशी ओळख झालेली नसते.

शेवटचा गेलो तो 2024 च्या डिसेंबरात, दर दहा वर्षांनी येणाऱ्या दर्शनाच्या काळात. पार्थिव रस्त्यापलीकडे से कॅथेड्रलमध्ये नेलेलं, तिकडं मैलभर रांग. बॅसिलिकेपाशी लोक सावलीला बसले होते. मेणबत्त्यांच्या जागी आता दुसरी, तरुण बाई होती. तिची मावशी दोन वर्षांपूर्वी गेली म्हणाली. आमचं बोलणं चालू असताना एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा, पांढऱ्या शर्टात, केस पाण्यानं चापून बसवलेले, रांगेत उभं राहून दमलेला, भिंतीला पाठ टेकून उभा राहिला.

"अरे बाळा, टेकू नको तिला," मेणबत्त्यावाली म्हणाली.

तो दचकून पुढं सरकला. त्याच्या आईनं त्याला वळवलं. पाठभर तांबडा पट्टा उमटला होता, चिऱ्याच्या कडेसह. ती रुमालानं झटकू लागली, मग रुमाल ओला करून पुसू लागली, आणि डाग पसरत गेला.